जाहिरात वाचायला शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गेली काही वर्षं आठवी ते दहावीच्या वर्गांत जाहिराती वाचण्याचे तास घेते आहे. त्याबद्दल इतर शाळांतले शिक्षक आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकीकडे आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही; तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जाहिरात लेखन तर आम्ही शिकवतोच. मग हे वेगळं काय?

दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत, उपयोजित लेखनात जाहिरात असते. त्यासाठी आपण मुलांना काय सांगतो? मथळा लक्षवेधी हवा, शब्द आकर्षक हवेत, सवलतीचा उल्लेख हवा, 'त्वरा करा' हवं, पत्ता आणि संपर्क विसरायचा नाही. मुलं मन लावून लिहितात : 'आजच या! मर्यादित साठा! १०० टक्के शुद्धतेची हमी!' आणि आपण चांगले गुण देतो. शुद्धतेची हमी कशाच्या जोरावर, साठा खरंच मर्यादित आहे का, असा शेरा समासात लिहिलेला मी फारसा पाहिलेला नाही. कित्येक वर्षं मीही लिहिला नव्हता.

म्हणजे दहावीपर्यंत मूल मन वळवायची भाषा वापरायला शिकतं, पण तीच भाषा त्याच्यावर वापरली जाते तेव्हा ती ओळखायला आपण त्याला शिकवत नाही. या तासांत तेवढंच करायचं आहे.

२. कितवीपासून सुरू करावं?

माझ्या अनुभवाने आठवी. 'हा आपल्याला काहीतरी विकतोय' हेच फार लहान मुलांच्या लक्षात येत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये आठ वर्षांखालच्या मुलांबद्दल हेच म्हटलं होतं. आठवीतल्या मुलाला विकणाऱ्याचा हेतू कळतो. त्याची अडचण वेगळी असते. 'बाकीचे फसतात, मी नाही' असं त्याला ठामपणे वाटतं. मोठ्यांनाही तसंच वाटतं.

मी आठवीत वस्तूंच्या जाहिराती घेते, नववीत युक्त्या आणि कायदा, आणि दहावीत क्लासेसच्या जाहिराती, कारण त्या वर्षी त्या घरोघरी येऊन पडतात (प्रश्न ८).

३. पोर्शन पूर्ण होत नाही, त्यात यासाठी तासिका कुठून काढू?

वेगळी तासिका मागू नका. जाहिरात लेखनाचा घटक शिकवायचाच असतो, त्यातल्या दोन तासिका वाचनाला द्या. शेकडेवारी शिकवणाऱ्या गणिताच्या शिक्षकांना 'खरेदीवर सूट' हे उदाहरण हवंच असतं. बारावीला युवकभारतीत माहितीपत्रक आहे, तिथेही हे चालतं. शिवाय वाचायला शिकलेल्या मुलांची लिहिलेली जाहिरातही सुधारते, त्यामुळे गुणांची काळजी करणाऱ्या मुख्याध्यापकांना पटवणं जड जात नाही.

४. पहिला तास नक्की कसा घ्यायचा?

जाहिरातीपासून सुरू करू नका, बाजारापासून करा. आमच्याकडे आठवडी बाजार भरतो. मी विचारते, 'परवा बाजारात तुमच्या आईला कोण काय म्हणालं?' दोन मिनिटांत फळा भरतो. 'ताई, घरची मेथी आहे.' 'बोहनीची वेळ आहे, नाही म्हणू नका.' 'शेवटच्या दोनच जुड्या राहिल्यात.' 'खाऊन बघा, आवडलं तर घ्या.' 'मघाशी तुमच्या शेजारच्या काकू घेऊन गेल्या.' प्रश्न ५ मधल्या निम्म्याअधिक युक्त्या मुलांच्याच तोंडून फळ्यावर आलेल्या असतात. शहरातल्या शाळेत लोकलमधले फेरीवाले किंवा सोसायटीत येणारे विक्रेते चालतील.

मग आदल्या दिवशी आणायला सांगितलेली रिकामी पाकिटं, पुड्या, कात्रणं बाहेर काढायची. फळ्यावर तीन प्रश्न : पैसे कोणी मोजले? दावा काय आहे? पुरावा कुठे आहे? जो शब्द किंवा आकडा तपासून बघता येईल त्याखाली निळी रेघ, ज्याचा तपासच करता येणार नाही त्याखाली लाल. 'निव्वळ वजन ५५ ग्रॅम' निळं. 'ताजेपणाचा नवा अनुभव' लाल. '२० टक्के जास्त' यावर हमखास भांडण होतं, आणि ते होऊ द्यावं, कारण कशापेक्षा जास्त हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा असूनही तपासता येत नाही. बहुतेक पाकिटं लालच लाल होतात. तिथे माझं भाषण लागत नाही.

चौथा प्रश्न मी दुसऱ्या तासाला देते : काय सांगितलेलं नाही? या प्रश्नाचं मोल मला एका बियाणाच्या पत्रकाने शिकवलं. त्यावर हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो, मागे डोक्याएवढं पीक आणि खाली एकरी उताऱ्याचा भला मोठा आकडा होता. मी साक्षीची युक्ती समजावत होते. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, त्यांचं रान कॅनॉलच्या कडेला असेल. आमच्या माळावर एवढा उतारा कसा निघंल?' मग सगळा वर्गच बोलू लागला. ठिबक होतं का? खताचे डोस किती? कोणत्या वर्षीचा पाऊस? एकाच शेतकऱ्याचा आकडा का? न लिहिलेल्या गोष्टींची अकरा नावं निघाली. त्या दिवशी वर्गात सगळ्यांत कमी माहिती माझ्याकडे होती. म्हणून सांगते, मुलांच्या घरच्या धंद्यातली जाहिरात घ्या. तिथे ती तज्ज्ञ असतात.

५. मन वळवण्याच्या युक्त्या किती आणि कोणत्या? एखादी यादी मिळेल का?

शाळांसाठी केलेली एक जुनी आणि अजूनही कामाची यादी सात युक्त्यांची आहे. ती १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या 'इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अॅनालिसिस' या संस्थेने काढली. युरोपात हुकूमशहांचा प्रचार जोरात होता आणि लोकांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, तो ओळखता यावा हा हेतू होता. इंग्रजी नावं पाठ करून घेऊ नका. आमच्या वर्गात जी नावं रूढ झाली ती देते.

नावं ठेवणं : समोरच्या मालाला 'लोकल', 'साधा', 'डुप्लिकेट' म्हणायचं. गोड शब्द : 'परंपरा', 'विश्वास', 'शुद्ध', 'घरगुती'. ऐकायला छान, पण हातात काही लागत नाही. आपल्यातलाच माणूस : नऊवारीतली आजी, शेतातला बाप, 'आपल्या मातीतलं'. सगळे घेतायत : 'लाखो गृहिणींची पसंती'. सोयीचं तेवढंच : बियाणाचं पत्रक आठवा.

उरलेल्या दोन युक्त्यांवर जास्त वेळ द्या.

एक म्हणजे साक्ष. कोणीतरी ओळखीचा चेहरा सांगतो, म्हणून घ्या. लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या आणि तिथून भारतीय सिनेतारकांची त्या साबणावर रांगच लागली. मुलांना विचारा, नटीला साबणातलं काय कळतं? मग क्रिकेटपटूला विम्यातलं? आणि पांढरा कोट घातलेला माणूस खरा डॉक्टर आहे की नट?

दुसरी, मी तिला 'उसनी पुण्याई' म्हणते. ज्याच्याबद्दल मनात आधीच आदर आहे त्याच्या शेजारी आपला माल ठेवायचा, म्हणजे थोडा आदर मालावरही सांडतो. तिरंगा, किल्ला, विठ्ठल, गणपती मंडळाची कमान. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स हे याचं सगळ्यांत सोपं उदाहरण : वर मोठ्या नेत्यांचे चेहरे, मध्ये उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांची रांग. कोणाची पुण्याई कोणाकडे वाहते आहे, बाण काढून दाखवायला सांगा. मुलं हे इतकं अचूक करतात की पुन्हा समजवावं लागत नाही.

यादीत नसलेल्या दोन गोष्टी मी जोडते. पहिली, पुनरावृत्ती : विधान वारंवार ऐकलं की ते जास्त खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ पासून प्रयोगांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दुसरी ९९ च्या शेपटीची किंमत. घरातली मोठी माणसं अजून तिला 'बाटाची किंमत' म्हणतात.

६. भावनेला हात घालणारी जाहिरात म्हणजे फसवणूकच ना?

नाही, आणि हे लवकर सांगितलं नाही तर मुलं चुकीचा धडा घेऊन बाहेर पडतात. पोलिओचे दोन थेंब, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा व्यापणारं भयानक चित्र : सगळीकडे भीती, माया किंवा लाज वापरली आहे. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. मन वळवणंच होतं ते, आणि फार कसबाचं. वक्त्याने श्रोत्यांच्या भावनेला हात घालणं हा मन वळवण्याचा एक रीतसर मार्ग आहे, असं अॅरिस्टॉटलनेही मांडलं होतं.

म्हणून वर्गात मी 'भावना आहे का' असं विचारत नाही. भावना बाजूला काढली तर खाली काही उरतं का, असं विचारते. पोलिओच्या जाहिरातीतली आई काढली तरी लस उरते. काही जाहिरातींत आई काढली की नुसतं पाकीट उरतं.

७. खोटं असतं तर सरकारने बंद केलं नसतं का? असं मुलं विचारतात. काय सांगू?

सांगा की कायदा आहे, पण तो दाव्यावर चालतो, भुरळीवर नाही. 'आमचा चहा प्याल तर ढगात तराल' हे उघड अतिशयोक्त आहे, कोणी खरं धरत नाही, म्हणून चालतं. 'आमच्या चहाने मधुमेह बरा होतो' हा दावा आहे, आणि मधुमेहासारख्या आजारांवर असा दावा करायला औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) हा १९५४ चा कायदा मनाई करतो.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मुख्य कायदा म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्या नामवंतालाही दंड आणि बंदी लागू शकते, हे ऐकून मुलं सरसावून बसतात. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांमधल्या दोन गोष्टी वर्गात पाकीट हातात घेऊन तपासता येतात : खालची टीप वरच्या दाव्याच्याच भाषेत हवी, आणि 'फुकट' म्हटलं तर त्यासाठी इतर कुठल्या वाटेने पैसे घ्यायचे नाहीत. जाहिरात उद्योगाची स्वतःची संस्था 'अॅस्की' १९८५ पासून मुंबईत आहे. ती तक्रारी ऐकते, पण सरकारी नाही, हा फरक सांगावा.

आणि कायद्याला वेळ लागतो. 'उंच, बळकट, हुशार' करण्याचा दावा सांगणारी हॉर्लिक्सची एक जाहिरात ब्रिटनच्या नियामकाने २००८ मध्ये पुराव्याअभावी थांबवली. ती तिथे एका नेपाळी वाहिनीवर लागली होती. आपल्याकडे 'हेल्थ ड्रिंक' हा शब्द अन्नसुरक्षा कायद्यात कुठेच व्याख्येत नाही, म्हणून बोर्नव्हिटा आणि तशी पेयं त्या नावाच्या कप्प्यातून काढा, असं ऑनलाइन दुकानांना केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. तोवर दोन पिढ्यांनी तो शब्द दुधात ढवळून प्यायला होता.

आडवाटेची जाहिरात हवी असेल तर गुटख्याचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी त्याच घराण्यातल्या नावाची 'वेलची' मोठमोठे नट विकताना दिसतात. विचारा, वेलचीच्या चार दाण्यांसाठी एवढा खर्च कोण करेल?

८. दहावीचा निकाल लागला की क्लासेसचे फ्लेक्स लागतात. ते वर्गात घ्यावेत का?

घ्यावेत. आई-वडील वर्षाची कमाई ज्या जाहिरातीच्या भरवशावर देतात ती हीच आहे. लातूर, नांदेड, संभाजीनगर, पुणे, कुठेही जा, चौकात पासपोर्ट फोटोंची भिंत असते.

केंद्रीय प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंगच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी; प्रवेशाच्या वेळी सही घेऊन ठेवलेली चालत नाही. त्या मुलाने कुठला कोर्स केला, किती काळ केला, पैसे भरून केला का, हे जाहिरातीत सांगायला हवं. निवडीची किंवा गुणांची हमी द्यायची नाही. 'शेवटच्या काही जागा' अशी खोटी घाई करायची नाही. ही तत्त्वं पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासना लागू आहेत, त्यामुळे गल्लीतल्या घरगुती शिकवणीला ती दाखवायला जाऊ नका.

वर्गातला उपक्रम असा. मुलांनी वेगवेगळ्या क्लासची पत्रकं आणायची. एकच चेहरा दोन पत्रकांवर सापडतो का ते शोधायचं. सापडला, तर लगेच 'खोटं' म्हणायचं नाही. एकाने वर्षभर शिकवलं असेल, दुसऱ्याकडे तो फक्त सराव परीक्षेला बसला असेल. म्हणून तर कोर्सचं नाव लिहिणं महत्त्वाचं. मग माझा आवडता प्रश्न : फोटो साठ आहेत, प्रवेश किती जणांनी घेतला होता? साठ भागिले किती? छेद छापलेला नसेल तर अपूर्णांक वाचता येत नाही, हे सहावीतलं गणित आहे. एका वर्षी दोन मुलींनी थेट क्लासच्या ऑफिसात जाऊन तो छेद विचारला. त्यांना उत्तर मिळालं नाही, पेढा मिळाला.

९. मुलं टीव्ही बघतच नाहीत, सगळं रील्सवर. तिथली जाहिरात ओळखायची कशी?

तिथे जाहिरात गप्पांच्या आवाजात येते. सारखं बघून बघून ती व्यक्ती दादा-ताई वाटू लागते, आणि दादाने सांगितलेलं आपण तपासत नाही. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन कौतुक केलं असेल तर ते ठळकपणे सांगायचं, असा नियम आहे : अॅस्कीने २०२१ मध्ये केला, केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र सूचना काढल्या. 'जाहिरात', 'स्पॉन्सर्ड', 'पेड पार्टनरशिप' असा शब्द दिसला पाहिजे, हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेला नको.

शब्द नसला तर खुणा बघायच्या. सवलतीचा कोड आहे का? लिंक एकाच दुकानाची आहे का? त्याच आठवड्यात चार वेगवेगळ्या लोकांनी त्याच वस्तूचं कौतुक केलं का? एकही दोष सांगितला नाही का? एक खूण पुरावा होत नाही, तीन जमल्या तर सावध व्हावं. १८ वर्षांखालच्या मुलांच्या हालचाली टिपून त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवण्याला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मनाई आहे. पण मूल जर आईच्या फोनवर, आईच्या वयाने वावरत असेल तर अॅपच्या लेखी तिथे मूल नसतंच, हे पालकांना सांगा.

१०. अॅपमध्ये घड्याळ उलटं पळतं, 'फक्त ३ शिल्लक' येतं. हेही यातच येतं का?

येतं. अशा रचनांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात आणि केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. मुलांना चार पुरतात : खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत, आणि 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' अशी नकारालाच लाज लावणारी बटणं. घड्याळ खरं की खोटं, याचा प्रयोग सोपा आहे. वेळ संपू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघायचं.

११. आमच्या शाळेत प्रोजेक्टर नाही, नेटही नाही. जमेल का?

जमेल. माझे पहिले सगळे तास पाकिटं, एसटी स्टँडच्या भिंती आणि जुन्या वर्तमानपत्रांवर झाले.

१२. मुलगा सगळ्या युक्त्या ओळखतो, तरी जाहिरातीतलेच बूट मागतो. मग शिकवून उपयोग काय?

हा प्रश्न बहुतेक आयांचा असतो आणि तो खरा आहे. युक्ती कळली की इच्छा मरते, असं होत नाही. संशोधकांनाही जाहिरातीचं ज्ञान आणि वागणं यांत दरी दिसलेली आहे. जाहिरात बघताना माणूस परीक्षा देत नसतो, तो दमलेला असतो, हसत असतो. मला दोन गोष्टींचा उपयोग दिसला आहे. एक, आधी सावध करणं. विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याला लसीची उपमा दिली : युक्तीचा सौम्य डोस आधी द्यायचा, तो कसा खोडायचा ते करून घ्यायचं, मग खरी येते तेव्हा तयारी असते. म्हणून मी मुलांना वर्गातच एकमेकांना निरुपयोगी वस्तू विकायला लावते. झिजलेला खोडरबर विकण्यासाठी ज्याने स्वतः 'शेवटचा राहिलाय' म्हटलं, तो ते वाक्य पुढे विसरत नाही.

दुसरी गोष्ट, थांबायची सवय. मागितलेली वस्तू कॅलेंडरवर लिहायची आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारायचं. तेव्हाही हवी असेल आणि परवडत असेल तर घ्या की. बूट आवडणं हा गुन्हा नाही. वर्गातल्या बाकीच्यांकडे तेच बूट असताना त्याच्यावर जो भार असतो तो आपण हलका समजू नये.

१३. उलट झालंय : आता माझे विद्यार्थी कशावरच विश्वास ठेवत नाहीत. 'सगळं खोटं' म्हणतात.

'सगळं खोटं' हेही न तपासता केलेलं विधानच आहे, त्याखाली लाल रेघ मारायला लावा. एकदा नववीच्या वर्गाने ठरवून टाकलं की शाम्पूची छोटी पुडी म्हणजे गरिबांची लूट, मोठी बाटलीच स्वस्त असणार. मी म्हटलं, मिलिलिटरचा भाव काढा. त्यांनी आणलेल्या ब्रँडमध्ये पुडीच स्वस्त निघाली. वर्ग गप्प झाला. मग त्याच जोमाने पाच रुपयांचे बिस्किटपुडे मोजले, तिथे किंमत तीच ठेवून वजन उतरल्याचं जुन्या पाकिटांवरून दिसलं. पुरावा कधी कंपनीच्या बाजूने जातो, कधी विरुद्ध, हे हाताने मोजल्यावर पटतं.

दर तासाला निदान एक जाहिरात अशी घ्या जी सरळ आणि उपयोगी आहे. वर्तमानपत्रातली 'ट्रॅक्टर विकणे आहे' ही चार ओळींची छोटी जाहिरात त्यासाठी फार चांगली.

१४. याचं मूल्यमापन कसं करावं?

युक्त्यांची नावं विचारू नका, ती पाठ होतात. न पाहिलेली जाहिरात द्या आणि प्रश्न ४ मधले चार प्रश्न सोडवून घ्या. 'मला हे ठरवता येत नाही, कारण अमुक माहिती दिलेली नाही' असं लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देते. दहावीच्या कृतिपत्रिकेसाठीही एक बदल करून बघा : मुलांना जाहिरात आकर्षक लिहू द्या, पण तपासता येईल अशी निदान एक खरी माहिती त्यात असावी, अशी अट घाला. गुण कमी होत नाहीत.

१५. एखादी कंपनी शाळेला मोफत वह्या देते किंवा 'आरोग्य कार्यक्रम' घेते. नाही म्हणावं का?

शाळेची गरज खरी असते, म्हणून सरसकट नको म्हणा असं मी सांगणार नाही. खाण्यापिण्याच्या मालाबद्दल मात्र नियम स्पष्ट आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकायला किंवा त्यांची जाहिरात करायला मनाई आहे. इतर बाबतींत बघा : वहीच्या कव्हरवर काय छापलंय? मुलांचे फोन नंबर मागतायत का? 'प्रश्नमंजूषे'ची उत्तरं सगळी त्याच मालाकडे जातात का? नंबर मागितले की थांबवा.

वह्या घेतल्याच, तर त्या वहीवरच तास घ्या. फुकट मिळालेल्या वस्तूची परतफेड करावीशी वाटणं हा माणसाचा चांगला गुण आहे, आणि विक्रेत्यांना तो फार पूर्वीपासून माहीत आहे.

१६. निवडणुकीचा प्रचार वर्गात घ्यायचा की नाही?

युक्त्या त्याच आहेत, पण शिक्षकाची जागा वेगळी आहे. आचारसंहिता लागल्यावर मी चालू प्रचाराला हात लावत नाही. निवडणुकीच्या कामावर मीच असते आणि वर्गात सगळ्या पक्षांच्या घरची मुलं बसलेली असतात. नियम शिकवायला हरकत नाही : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ मुळे मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार का थांबतो, हा चांगला चर्चेचा विषय आहे. तसंच 'पेड न्यूज'. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात त्यावर बराच गदारोळ झाला. बातमीच्या वेशातली जाहिरात कशी ओळखावी, हे पुरवण्या समोर ठेवून दाखवता येतं. सरावासाठी वर्गप्रतिनिधीची निवडणूक घ्या. तीत भाषणं, घोषणा, चॉकलेटवाटप सगळं आपोआप होतं.

१७. मुलांना दिशाभूल करणारी जाहिरात सापडली. तक्रार कुठे करायची?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. अॅस्कीकडेही तक्रार ऑनलाइन करता येते. तक्रार मोठ्या माणसाच्या नावाने करा. मुलांनी मजकूर लिहायचा : कुठे, कधी दिसली, नेमका दावा काय, तो का पटत नाही, सोबत फोटो. तक्रारपत्र हेही उपयोजित लेखनच. उत्तर यायला वेळ लागेल, हे आधी सांगून ठेवा.

१८. विद्यार्थ्याच्या घरचंच दुकान असेल आणि त्याची जाहिरात वर्गात आली तर?

ही चूक मी केली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आषाढातल्या सेलचं एक स्थानिक पत्रक मी फळ्यावर चिकटवलं. '५० टक्क्यांपर्यंत सूट', त्यातला 'पर्यंत' मुंगीएवढा. वर्ग तुटून पडला. जुन्या किमती वाढवून लिहिल्या असतील, उरलेला माल असेल, एकेक बोलत गेला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी खाली बघत होती. ते दुकान तिच्या वडिलांचं होतं आणि माझ्याशिवाय सगळ्या वर्गाला ते माहीत होतं.

त्यानंतर मी तीन गोष्टी ठरवल्या. गावातल्या दुकानाचं पत्रक मी आणत नाही. ज्याच्या घरचं आहे त्याने स्वतः आणलं तर घेते, आणि मग पहिला बोलायचा मान त्याचा. आणि पत्रक फाडायचं नाही, सुधारायचं : हाच माल खरं सांगून कसा विकाल?

ही तिसरी गोष्ट त्या मुलीमुळेच सुचली. मी दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेऊन माफी मागितली, तर ती म्हणाली, 'मॅडम, पप्पा खोटं नाही बोलत. पण बाजूचा दुकानदार पन्नास लिहितो, मग आम्ही वीस लिहिले तर कोण येणार?' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आठवड्याने तिने घरून एक पुठ्ठा आणला, स्केचपेनने लिहिलेला : 'मागच्या वर्षीचे शर्ट. फॅशन जुनी, कापड पक्कं. ४०० चा २५० ला. धुऊन रंग गेला तर परत आणा.' चारही ओळींखाली निळी रेघ मारता येत होती. वडिलांनी तो दुकानाच्या दाराला लावला, छापील फ्लेक्सच्या शेजारी. दिवाळीत मी तिथे खरेदीला गेले तेव्हा फ्लेक्स बदललेला होता, पुठ्ठा तोच होता.